प्रूफकाकीने खोडलेला शब्द

प्रूफकाकी माणसाच्या तोंडाकडे बघायची नाही, त्याच्या हातातल्या कागदाकडे बघून बोलायची. मी पहिल्यांदा तिच्यासमोर उभी राहिले तेव्हा वीस वर्षांची होते, हातात पहिलं पत्रक आणि डोक्यात क्रांती. तिने ते वाचलं आणि विचारलं, "एवढी उद्गारचिन्हं कशाला गो? लोक बहिरे आहेत काय?" अकरापैकी दहा खोडली. उरलेलं एक, म्हणाली, तुझ्या वयासाठी ठेवलंय.

रत्नागिरीतल्या एका लहानशा छापखान्यात ती प्रुफं वाचायची. लग्नपत्रिका, देवस्थानाची पावतीपुस्तकं, आंब्याच्या पेट्यांची लेबलं आणि आमची पत्रकं. नवरा मुंबईत नोकरीला होता, तिथेच वारला. ती पावसला भावाकडे राहायची, रोज एसटीने यायची. लेबलावर 'हापुस' दिसलं की सगळा गठ्ठा परत. ऱ्हस्व उकाराचा हापुस आंबट लागतो, म्हणायची.

आमची संघटना एचआयव्हीवर काम करते. पत्रकात मी 'एचआयव्हीबाधित' लिहायचे, सगळे सरकारी कागद लिहितात तसं. ती दर वेळी ते खोडून वर लिहायची, 'एचआयव्ही असलेली माणसं'. एकदा मी वाद घातला. लांबलचक होतं, जागा खातं, आणि बाधित हा शब्द सगळीकडे चालतो. तिने चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं.

"आमच्याकडे बाधा झाली म्हणजे भूत लागलं. बाधेवर नारळ फिरवतात, गोळी देत नाहीत. मला बाधा झालेली नाही, मला एचआयव्ही आहे. बारा वर्षं गोळी घेत्ये."

तिने लगेच खालच्या ओळीवर बोट ठेवलं. 'गोळ्या वेळेवर घ्या, काळजी मिटली.' हे तुला कोणी सांगितलं, विचारलं. तिची गोळी एकदाही चुकली नव्हती, तरी हल्ली शब्द सापडत नव्हते, उतरायचा थांबा निघून जात होता. "घोषणा नंतर लिही. आधी विचारून ये."

तिलाच घेऊन गेले. एका डॉक्टरने वयावर ढकललं. ती तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती! दुसऱ्या डॉक्टरबाईंनी तपासण्या करून नीट सांगितलं. गोळ्यांनी विषाणू दबतो, शरीरातून जात नाही. तो आत आहे म्हणून रोगाशी लढणाऱ्या पेशी वर्षानुवर्षं लढाईच्या पवित्र्यात राहतात, त्यांचा ताळ सुटतो, आणि त्यातून येणारी बारीक सूज काही जणांच्या मेंदूपर्यंत पोचते. गोळ्या चालू आहेत म्हणून हे हळू चाललंय. थांबवल्या तर विषाणू उसळेल.

"म्हणजे चोर दडून बसलाय आणि पहारेकरीच घर फोडतायत," काकी बाहेर येऊन म्हणाली. "हे छाप."

छापलं. पण त्या आठवड्यात ती रजेवर होती, मला घाई होती, आणि मथळा मी दिला 'विषाणूची बाधा'. मला तो भारदस्त वाटला.

तीन आठवडे झाले तरी ती कामावर येईना म्हणून पावसला गेले. काकी भिंतीला धरून पडवीत आली. माझं नाव तिला आठवेना. तिच्या भावाने देवळात कौल लावला होता, बाधा आहे असा निघाला होता, आणि गोळ्या बंद केल्या होत्या. मी अंगणातच त्याच्यावर तुटून पडले. तो वाईट माणूस नव्हता. घाबरला होता. फळीवरून माझंच पत्रक काढून त्याने पुढे धरलं.

"ताई, तुम्हीच छापलंय ना, बाधा? मग बाधेवर गोळ्या कशाला?"

मी ते पत्रक घडी करून पिशवीत कोंबलं आणि काकीच्या चपला शोधायला लागले.

त्याच दिवशी डॉक्टरबाईंकडे नेलं, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. चालणं बरंच सुधारलं, माझं नावही परत आलं. वाचन परत आलं नाही. छापखान्याने तिच्या जागी कोणी घेतलं नाही, संगणक चुका दाखवतो म्हणे. दाखवेल. आजार आणि भूत यांतला फरक दाखवेल का?

आता ती अलोऱ्याला बहिणीकडे असते. मी छापखान्यात गेले की अजून आधी तिच्या टेबलाशी जाते. तिथे आता शाईचे डबे ठेवतात. कोणीतरी माझं लिहिणं रागाने वाचावं, एवढ्यासाठी जीव तुटतो. तिच्यावर लिहू का विचारलं तर म्हणाली, लिही, नाव घालू नकोस, आजार लपवू नकोस.

गेल्या महिन्यात नवं पत्रक घेऊन गेले. ते तिने मांडीवर पसरलं आणि ओळीखाली बोट फिरवू लागली, वाचत असल्यासारखं. तिसऱ्या ओळीत 'रुग्ण'मधला उकार दीर्घ पडलेला मला शेजारून दिसला. बोट त्याच्यावरून गेलं, शेवटच्या ओळीपर्यंत गेलं.

"चांगलं लिहिलंस गो," ती म्हणाली, आणि मायेने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

परतीच्या एसटीत मी तो उकार दुरुस्त केला. माझ्या पत्रकातली ही पहिली चूक, जी मला स्वतःला काढावी लागली.