डाळीचा माणूस, केळीचं पीठ

आमचं केळीचं पीठ बिघडलं ते माझ्यामुळे, आणि दोष मी अक्कांवर ढकलला. हे आधीच सांगून टाकतो.

जळगावच्या एका डाळमिलमध्ये मी बावीस वर्षं व्यवस्थापक होतो. तूर वाळली की नाही, ते दाणा दाताखाली धरून सांगायचो. कट्‌ असा आवाज आला की माल घ्यायचा. अंदाज सहसा चुकत नसे. पुढे शिरपूरजवळ शेड घेऊन कच्च्या केळीचं पीठ करायला लागलो. माझ्या ओळखीत हा धंदा कुणीच केलेला नव्हता. तरी चक्की, चाळण्या, गिऱ्हाईक सगळं डाळीच्या जोरावर भराभर उभं राहिलं. त्यामुळे वाटलं, उरलेलंही आपल्याला येतंच.

सौर ड्रायरमध्ये काप वाळवायला गावातल्या आठ बायका होत्या. त्यांच्यात थोरल्या अक्का. त्यांनी आयुष्यभर पापड-कुरडया करून विकल्या होत्या. पहिल्या मोठ्या ऑर्डरच्या वेळी मी एक काप चावून पाहिला आणि म्हणालो, "झालं. दळा."

"भाऊ, एक रात बंद डबामा ठेवा," अक्का म्हणाल्या. "सकायले मऊ पडना ते मझार वल्ला शे." म्हणजे सकाळी काप मऊ पडला, तर तो आतून ओला.

"अक्का, पापड वेगळे, कारखाना वेगळा."

दोन महिन्यांनी नाशिकहून सगळा माल परत आला. पिठात गाठी, कुबट वास. मी बायकांना उभं करून सुनावलं, "तुम्ही नीट वाळवलं नाही," आणि त्यांचं काम बंद केलं. अक्का पदर सारखा करून निघून गेल्या.

नवी माणसं आली, पुन्हा गाठी. तेव्हा कुणाला न सांगता मी काप डब्यात ठेवून पाहिले. सकाळी ते मोडण्याऐवजी वाकत होते. वरून कडक झाले, तरी आत ओल राहिली होती. तुरीत असं मी कधी पाहिलं नव्हतं.

तरी अक्कांकडे जायला आठ दिवस लावले. कामावरच्या माणसांसमोर 'चुकलो' म्हणायची मला सवयच नव्हती.

त्या बायका आता कापूस वेचायला जात होत्या. बांधावर मला पाहून एक जण म्हणाली, "शेठ, आते काय चावाले उनात?" आता काय चावायला आलात, म्हणे. सगळ्या हसल्या. अक्का हसल्या नाहीत.

"अक्का," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "माल ओला आहे हे तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, वर तुमच्यावरच ढकललं. तेव्हा चारचौघींत बोललो, म्हणून आताही चारचौघींतच सांगतो. चूक माझी होती. मला माफ करा."