नव्या खोक्यातला जुना पार्ट

हे मी कोणाले सांगतलं नाही. माह्या बायकोले, तुळसालेही नाही—आणि ती चाळीस वर्षं माह्या घरात होती. आता ती गेली. मांडणीत दोन ताटं आहेत, एकच खरकटं होते. कोणापाशी बोलू? म्हणून तुमच्यापाशी.

मी मोताळ्याचा मिस्त्री. चौथीपर्यंत शाळा, मंग पाना हाती घेतला. त्या काळी तालुक्यात मोटारी किती? मोजून सांगता येत. त्यातली एक जीप कापसाच्या जिनवाल्या शेठची. तिच्या ब्रेकचा मास्टर गेला—पेडल दाबलं की चाकांकडे तेल ढकलते, तो सिलेंडर. शेठ म्हणे, नवाच टाक, दुरुस्त केलेला नको, गाडीत माय बसते. मी म्हटलं, बाजाराच्या दिवशी गाडी दारात उभी करतो. मिस्त्री बोलला म्हणजे झालं—अशी माही मिजास.

नवा मास्टर रेल्वेनं नांदुऱ्याले येणार होता. बाजाराचा दिवस उजाडला, पार्सल नाही. मंग मी भंगारातल्या एका गाडीचा काढला. घासला. आतलं रबर बोटानं दाबून पाह्यलं—चालते म्हटलं. बसवला, आणि शेठले सांगतलं, नवा हाय.

तिसऱ्या दिवशी पार्सल आलं. बदलायले काय लागते, दोन तास. पण शेठनं विचारलं असतं, गाडी पुन्हा काऊन खोलून राह्यला, तर? खोकं माळ्यावर सरकवलं. उद्या बदलू, परवा बदलू—महिना गेला.

सुकदेव शेठचा ड्रायव्हर. त्याच्या वस्तीत मोटार हाती धरणारा तो पहिला. मले उस्ताद म्हणे. एक दिवस शेठच्या मायले घेऊन बुलढाण्याहून घाट उतरत होता, आणि पेडल पार खाली बसलं. एका अंगाले दरी. त्यानं गाडी डोंगराच्या अंगाले घासत नेली, तशी थांबवली. म्हातारीचा पाय मोडला. पण जीव वाचला—त्यानं वाचवला.

मोडकी जीप माह्याच शेडमधी आणली. आता ऐका. मी दार लोटलं, जुना मास्टर खोलला. रबर फाटलं होतं. माळ्यावरून खोकं आणलं, नवा बसवला. जुना त्याच खोक्यात घालून पुन्हा माळ्यावर. मंग शेठले बोलावलं आणि दाखवलं—पाहा, नवाकोरा.

सुकदेव तिथंच उभा होता. म्हणे, "उस्ताद, तुमी तरी सांगा. पेडल खाली गेलं का नाई?"

मी म्हटलं, "पार्ट नवा हाय बे. तूच गाडी जोरात काढली असशील."

तो माह्याकडे पाह्यत राह्यला. त्याले वाटलं असंल, उस्तादची काही चूक होऊन राह्यली, आता सुधरवतील. मी हात पुसत बसलो.

त्याले पुन्हा कोणी गाडी दिली नाही. पुढं नांदुऱ्याच्या मालधक्क्यावर पोते वाहताना दिसे. पाठीवर पोतं असलं तरी म्हणे, "जय भीम, उस्ताद." मी मान हलवून पुढं जाओ. मंग ते दिसणंही बंद झालं. आहे का गेला, मी कधी विचारलं नाही.

तुळसानं एकदाच विचारलं होतं, त्याच आठवड्यात. "कावो, सुकदेव तशी गाडी चालवणारा हाय का?" मी म्हटलं, "तू भाकर थाप." तिनं थापली.

तेराव्यानंतर तिची पेटी उघडली. लुगड्यांच्या खाली ते खोकं. माळ्यावरून तिनं कधी काढलं, मले माहीत नाही. मास्टर तिच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेला. लोखंड आहे, एवढ्या वर्षांत गंजून माती व्हायले पाह्यजे होतं. गंज नाही. हात लावला तर बोटाले तेल लागलं—ताजं. जन्मभर माहे पार्ट तिनं रॉकेलात धुतले होते. जुना कोणता, नवा कोणता, हे तिले सांगावं लागत नव्हतं. तेल घालत राह्यली आणि वाट पाह्यत राह्यली काय? का माहा खोटेपणा रोज पाहून राह्यली होती? आता कोणाले विचारू?

खोकं इथं समोर ठेवलं आहे. आत जुना मास्टर आहे. मी नवा म्हटला होता. सुकदेव खरं बोलत होता.