आंब्याच्या सावलीतलं गरम पाणी

सगुणाबाईंना चालू पंखा बघवत नसे. पंख्याखाली कोणी बसलंय की झोपलंय, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. खोलीत शिरायच्या, बटण बंद करायच्या आणि वर ऐकवायच्या, "वारं काय बाहीर संपलंय व्हय गं?" मुळशीतल्या कासार आंबोलीच्या वरच्या अंगाला आमचं विद्यापीठ नव्याने उभं राहत होतं. २००६ साली मी तिथल्या मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते आणि सगुणाबाई मावशी. कागदोपत्री मी त्यांची वरिष्ठ. प्रत्यक्षात इस्त्री लावायची तर मीही त्यांना विचारून लावत असे.

त्याच वर्षी विद्यापीठात ऊर्जा बचत समिती निघाली. प्रमुख प्राध्यापक नरहरी देवळे, मूळचे अकोल्याचे, राहायला भूगावला फ्लॅटमध्ये, माणूस एकदम सज्जन. त्यांचं वीजबचतीवरचं पहिलंच व्याख्यान रंगात आलं असताना सगुणाबाईंनी प्रोजेक्टरची पिन उपटली. "दिसाढवळ्या भिताडावर उजेड पाडून काय करताय?" सरांना राग यायला हवा होता, पण ते खूशच झाले. अशीच माणसं हवीत म्हणाले आणि बाईंना तिथल्या तिथे समितीवर घेतलं. बाई बैठकीला जात, चहा पीत आणि बाहेर पडताना ट्यूबलाइट बंद करून येत.

दिवाळीनंतर आमच्या गच्चीवर पाणी तापवायचं सोलर बसलं. पाणी काही तापेना. थंडीच्या दिवसांत ऊन दक्षिणेकडून यायचं आणि दक्षिणेला उभा होता एक थोराड आंबा. सोलरवर दिवसभर त्याची सावली. मुली कुडकुडत पुन्हा गिझर लावू लागल्या. सोलरवाल्याने सांगितलं, झाड तोडा. समितीने ठराव केला.

सगुणाबाईंच्या हातातला कप तसाच राहिला. तो आंबा त्यांचा होता. वसतिगृहाखालची जमीन त्यांच्या सासरची, ती दिराने विकली. पण घरातल्या वाटण्यांत आंबा बाईंकडे आला होता. जमीन एकाची आणि झाड दुसऱ्याचं, हे आमच्या मुळशीत चालतं. खरेदीखत करणाऱ्या शहरी वकिलाला ते कोणी सांगितलं नाही. "दिरानं जिमीन इकली, आंबा कुटं इकला?" असं बाई येईल त्याला विचारत. आंबा तरी कसला, तर महाआंबट. लोणच्यापलीकडे त्याचा उपयोग नव्हता. पण सासरच्या मातीतलं तेवढंच त्यांच्याकडे उरलं होतं.

"एक झाड जाईल, मावशी, पण रोजचे गिझर थांबतील," सर समजावू लागले. "शेवटी कार्बनचा हिशोब आहे. मलाही वाईट वाटतंय."

"आन् आंबा हाय तसा ठिवून पानी तापलं तर?"

"तर ठराव रद्द! शनिवारी सकाळी मी स्वतः तपासायला येतो."

शनिवारी उजाडताच आमच्या मागच्या अंगणात सगुणाबाईंचा तांब्याचा बंब धगधगत होता. घरून वडापच्या जीपवर चढवून आणला होता म्हणे. मुली जिन्यात रांगेने उभ्या होत्या, बादल्या हातोहात वर जात होत्या आणि गच्चीवर सोलरच्या टाकीत कढत पाणी पडत होतं. मी रेक्टर या नात्याने हे सगळं थांबवायला हवं होतं. मी तिसऱ्या पायरीवर उभी राहून बादल्या पुढे देत होते.

सर आले, तेव्हा धूर अजून रेंगाळत होता. "हा कसला?"

"राब भाजत्यात खाली," बाई म्हणाल्या.

भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा जाळतात तो राब, आणि तो भाजतात पावसाच्या तोंडावर. डिसेंबरात राब भाजणारा शेतकरी मुळशी तालुक्यात जन्माला यायचा आहे. पण सर अकोल्याचे. त्यांनी मान डोलावली, नळ सोडला आणि बोट भाजून घेतलं. थर्मामीटर बघून तर त्यांना आनंद आवरेना.

"मावशी, तुमचा आंबा वाचला! आणि एवढं कढत पाणी मिळतंय म्हटल्यावर गिझर हवेत कशाला? आजच काढून नेतो."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! गिझर गेले. अख्ख्या वसतिगृहाच्या आंघोळी एका बंबावर आल्या. बाई रोज उजाडायच्या आत बंब पेटवू लागल्या. आजूबाजूचा पालापाचोळा, काटक्याकुटक्या, जुनी खोकी, सगळं भराभर संपलं. मग एका सकाळी बघते तर भैरू लाकूडतोड्या आंब्यावर चढलेला आणि खाली पदर खोचून सगुणाबाई. गच्चीकडच्या फांद्या तेवढ्या तो तोडत होता, कारण त्या बाजूने बंब जवळ पडायचा. फांदी खाली आली की बाई देवळे सरांना एक शिवी हासडायच्या आणि डोळे पुसायच्या. आंबा वाचवण्यासाठी त्या आंबाच जाळत होत्या. मला त्या दिवशी हसू आलं नाही.

असे बरेच दिवस गेले. मग एकदा अनुष्का नावाच्या लातूरच्या विसरभोळ्या पोरीने बंबाच्या रांगेत न थांबता न्हाणीघरात जाऊन सवयीने नळ सोडला, आणि ती किंचाळली. नळाला कढत पाणी होतं. आम्ही धावत गच्चीवर गेलो. गच्चीकडची एकही फांदी राहिली नव्हती आणि सोलरवर लख्ख ऊन पडलं होतं. बाई तडक खाली गेल्या आणि बंबात पाणी ओतून तो विझवला.

गोष्ट इथेच मिटली असती. पण सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर समितीने सगुणाबाईंचा सत्कार ठेवला. सर भरभरून बोलले. बोलता बोलता, आंब्याकडे पाठ करून, ते म्हणाले, "आणि हे सारं झाडाचं एक पानही न तोडता!"

बाई ताडकन उठल्या. शाल खांद्यावरून घसरली.

"पान? आवं, मागं वळून बगा की जरा! निम्मा आंबा घातलाय तुमच्या पोरींच्या आंगुळीत!"

मग त्यांनी बंब, बादल्या, राब, भैरू, सगळं माईकवर सांगून टाकलं. जिन्यातल्या मॅडमसकट. मुली हसून लोळायच्या बाकी होत्या. सर मटकन खुर्चीत बसले. "लाकूड जाळलंत, मावशी? रोज? अहो, कार्बन…"

"आता तोडताय का आंबा? तोडा." बाईंचा आवाज एकाएकी बारीक झाला. त्या खरंच घाबरल्या होत्या, मला दिसत होतं.

सर उठले. आंब्याखाली जाऊन उभे राहिले, वर पाहिलं, गच्चीकडे पाहिलं.

"आता कशाला तोडायचा? ऊन पडतंय की."

"मंग आदी नुसत्या फांद्याच मागायच्या हुत्या. आख्खं झाड कशापायी मागितलं?"

सर ओशाळले. हे समितीत कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि बाईंच्याही आलं नव्हतं. त्यांनी हळूच विचारलं, "फांद्या मागितल्या असत्या, तर दिल्या असत्या का तुम्ही?"

सगुणाबाईंनी झाडाकडे पाहत थोडा विचार केला.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "एक बी दिली नसती."