बिनहँडलची गाडी

मला लिहायची हौस नाही. शाळा चौथीत सुटली. पण पिंपळे गुरवच्या आमच्या कट्ट्यावरची माणसं ऐकत नाहीत. "तात्या, ते हँडलचं लिहून काढा!" अरे, तोंडी शंभर वेळा ऐकलंत ना? पण गॅरेजातले किस्से म्हणजे ग्रीसचा डाग. धुवायला जावं तितका पसरतो. घ्या मग.

कंपनीत तीस वर्षं प्रेस शॉपला पत्रा दाबला. रिटायर झाल्यावर चाकणला नितीनच्या गॅरेजात डेंटिंगला लागलो. तिथं वाकडचा विक्रांत आला. नवीकोरी गाडी. म्हणे, बाहेरची हँडलं सगळी काढून टाका.

"मोडलीत का?"

"नाही काका. क्लीन लुक पाहिजे."

"घराच्या दाराची कडी काढलीय का?"

नितीननं मला आत चहा प्यायला पाठवलं!

*

काम मात्र नामी होतं, खोटं कशाला बोलू. हँडल काढायचं, भोकात पत्र्याचा तुकडा बसवायचा, टिपका टिपका वेल्डिंग करायचं. घाई केली की दार पापडासारखं वाकतं. डिकीचं हँडलही गेलं, किल्लीचं भोकही गेलं. दार उघडणार रिमोटनं. ती वायरिंग बालाजीची. पोरगा लातूरचा, हात सोन्याचा, तोंड कात्रीचं.

मी विचारलं, "बॅटरी बसली तर?"

"तात्या, तुमच्या जमान्यात बसायच्या!"

प्रेस शॉपात आम्हाला एकच शिकवलं होतं. जिथं वीज, तिथं हाताचा रस्ता पाहिजेच. मी पुढच्या दोन्ही दारांच्या लॉकला मोटरसायकलची क्लच वायर बांधली आणि टोक चाकाच्या वर, मडगार्डच्या आत खोचून ठेवलं. नितीनला सांगितलं. तो फोनवर होता. "हां हां" म्हणाला.

*

डिलिव्हरीला विक्रांतची आई आली. नारळ फोडला, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग बसायला गेली. हात दारावरून घसरला. परत लावला, परत घसरला. डोळ्यांना कळलेलं असतं, हाताला कळत नाही. मी तर तेव्हापासून माणसांचे हातच बघत बसायचो.

माउली माझ्याकडे वळली. "काय हो, दार शिवून टाकलं काय?"

*

एकदा मॉलमधल्या पार्किंगवाल्याकडं विक्रांतनं रिमोट दिला आणि गेला. त्या भल्या माणसानं गाडीला तीन प्रदक्षिणा घातल्या. खाली वाकून पाहिलं. मग विक्रांतच्या मागं धावत गेला. "सर, आत जे कोणी बसलेत त्यांना दार उघडायला सांगा ना!"

*

आता कडू भाग. गाडी धुणाऱ्यानं विक्रांतला उजव्या चाकावरची वायर दाखवली. हा तणतणत गॅरेजात. सहा गिऱ्हाइकं उभी.

"चोरवाट ठेवलीय म्हाताऱ्यानं! चोर आहे हा! कापा ही वायर, माझ्यासमोर!"

मी नितीनकडं पाहिलं. नितीन पान्याकडं बघत बसला. तीस वर्षं कंपनीच्या गेटवर रोज झडती दिली, डब्यात कधी एक वायसर सापडला नाही. आणि इथं चोर!

त्यानं दाखवलेली वायर मी कापली. हात धुतले. दुसऱ्या दिवसापासून गॅरेज बंद, कट्टा सुरू. पण कट्ट्यावरही बातमी माझ्या आधी पोचली होती. मी दिसलो की गप्पा एकदम क्रिकेटवर जायच्या. तेच जास्त लागलं.

*

दोन महिन्यांनी भर दुपारी नितीनचा फोन. "तात्या, पाया पडतो, रिक्षा करून या." विक्रांतच्या भावाचं लग्न, चाकणच्या कार्यालयात.

गेलो. बघतो तर गाडीभोवती अर्धं वऱ्हाड. सकाळपासून गाडीतले स्पीकर बडवले, तसेच चालू ठेवून दारं लॉक केली. बॅटरी खलास! आणि मंगळसूत्राची डबी आत, सीटवर. काचेतून दिसतेय.

बालाजी रिमोट कपाळाला लावून दाबतोय. एक मामा दाराला खांदा देतोय. कोणीतरी दगड उचलला, तशी विक्रांतची आई आडवी आली. "लग्नाच्या दिवशी काच फोडायची न्हाई! खबरदार!"

कार्यालयात गुरुजी माइकवर ओरडतायत, "मुहूर्ताला सात मिनिटं!"

विक्रांत फेट्यातून घाम पुसत माझ्यासमोर. "काका, ती वायर..."

"कापली. तुमच्यासमोर."

तो मटकन पायरीवर बसला. मी गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेलो. धोतर सावरून खाली बसलो, चाकाच्या वर हात घातला आणि ओढलं. टक्! दार उघडलं.

विक्रांत म्हणाला, "ही कशी राहिली?"

"तुम्ही उजवी दाखवलीत. डावीचं कोण काय बोललं?"

डबी उचलून तो जो पळाला, तो थेट मांडवात.

आईनं स्वतःच्या हातानं जिलबी वाढली. बालाजी आता प्रत्येक गाडीला दोन वायरी टाकतो, न सांगता. नितीननं सगळ्यांसमोर माझे पाय धरले.

माफी मागायचा राहिला एकच. वाकडचा विक्रांत.