साडूंचं सीरम

स्वतःच्या चेहऱ्याची आमच्या साडूंइतकी निष्ठेनं चाकरी केलेला माणूस अख्ख्या दिल्लीत सापडायचा नाही, आणि यात मी नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद सगळं धरलं आहे. सिनेमातली माणसं करत असतील, पण त्यांच्या दिमतीला चार जण असतात. साडू सगळं स्वहस्ते करतात. सकाळी आंघोळ, मग पंख्याखाली उभं राहून चेहरा वाळवणं, मग फ्रिजमधून व्हिटॅमिन सी सीरमची ती तपकिरी इवलीशी बाटली काढणं, ड्रॉपर उजेडाकडे धरून आतल्या पाण्याचा रंग बघणं, तळहातावर तीन थेंब, बोटांनी ते गालांवर, कपाळावर आणि मानेवर थापटणं, आणि मग ते मुरेपर्यंत कुणाशी चकार शब्द न बोलणं. या मौनात घराला आग लागली तरी हे खुणेनंच सांगतील, अशी त्यांच्या बायकोची, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीची, खात्री आहे. आम्ही त्यांना ताई म्हणतो. ताईंनी या माणसाबरोबर तीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे त्यांचा शब्द मी प्रमाण मानतो.

साडू मूळचे पुण्याचे. परदेशी कंपन्या गुडगावात पहिल्यांदा काचेच्या इमारती बांधायला लागल्या तेव्हा ते नोकरीसाठी इकडे आले. त्या वेळी ऑफिसच्या खिडकीतून मोहरीची शेतं दिसायची आणि गेटसमोर म्हशी बसायच्या, हे त्यांनी ऑफिसातल्या पोरांना इतक्यांदा सांगितलंय की गोष्टीत म्हशी यायच्या आधीच पोरं हसून घेतात. कंपनीबरोबर साडूंचंही सगळं वाढलं: पगार, पोट, चष्म्याचा नंबर, आणि राहण्याचा मजला. मी लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणारा. आमच्या नोकरीत चेहऱ्याचा संबंधच येत नाही. आमच्याकडे सही लागते. खाजगीत माणसाला चौपन्नाव्या वर्षी काय काय सांभाळावं लागतं, ते मला साडूंमुळे कळलं. झालं असं, की गुडगावचं गुरुग्राम झालं त्या सुमारास त्यांच्या डोक्यावर एक तिशीतला साहेब येऊन बसला आणि पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाला, "टीम में फ्रेश फेसेस चाहिए." साडूंच्या बरोबरीच्या लोकांनी घरी जाऊन आपापले बायोडेटा बाहेर काढले. साडूंनी आरसा काढला. नोकरी टिकवायची तर होतीच, मुलगी अजून कॉलेजात होती. आणि कंपनीनं मागितलं आणि साडूंनी दिलं नाही, असं एवढ्या वर्षांत कधी झालं नव्हतं. आता चेहरा मागत होते, तर चेहरा.

सीरम निवडणं हा त्यातला पहिला पराक्रम. मॉलमधल्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅम के लिए, सर?" साडू म्हणाले, "नहीं, ऑफिस के लिए." मुलीनं त्यांच्यापुढे दहा, पंधरा आणि वीस टक्के अशा तीन बाटल्या मांडल्या. आता हा माणूस दहावी-बारावीच्या परीक्षा देऊन वर आलेला. टक्के जितके जास्त तितकं चांगलं, एवढंच त्याला ठाऊक. त्यांनी वीस टक्क्यांची उचलली, दुसऱ्या दिवशी दाढी झाल्या झाल्या तोंडभर फासली आणि वारा घ्यायला बाल्कनीत पळाले. बाल्कनीत ऊन होतं. पुढे आठवडाभर त्यांचा चेहरा उकडलेल्या बिटासारखा होता आणि साहेबानं कौतुकानं विचारलं, "सर, गोवा गए थे?" दुसऱ्या कुणी कानाला खडा लावला असता. साडूंनी पुढची बाटली आणली, ती सेलमधली. हे सीरम हवा आणि उजेड लागला की रंग पालटतं, पिवळं होतं, मग केशरी, मग चहासारखं, आणि असं झालं की ते फेकायचं असतं. हे त्यांना कळेपर्यंत त्यांची बोटं, मान आणि उशीचा अभ्रा पिवळा झाला होता आणि ताई त्यांना कावीळ समजून डॉक्टरकडे घेऊन गेल्या होत्या.

तिथून त्यांनी जो अभ्यास सुरू केला, तसा त्यांनी इंजिनिअरिंगला असताना केला असता तर आज ते स्वतःच साहेब असते. बाटली गडद काचेची हवी. झाकण घट्ट हवं. दहा टक्क्यांपासून सुरुवात, कातडीनं तक्रार केली नाही तर पुढे पंधरा. लहानशी बाटली घ्यायची आणि उघडली की दोन-तीन महिन्यांत संपवायची. एल-अ‍ॅस्कॉर्बिक, म्हणजे व्हिटॅमिन सीचं कागदोपत्री नाव, हा शब्द ते आता इतक्या आपुलकीनं उच्चारतात, की तो कुणी बेळगावकडचा नातेवाईक असावा असं ऐकणाऱ्याला वाटतं. पारदर्शक बाटलीत सीरम दिसलं की भर दुकानात त्यांच्या तोंडून "अरेरे" निघतं. वर सनस्क्रीन लावलं नाही तर सगळं मुसळ केरात, असं ते म्हणतात, आणि मेट्रो स्टेशनपासून घरापर्यंत भर हिवाळ्यात छत्री उघडून चालतात. सोसायटीतल्या कुत्र्यांना याची सवय व्हायला वेळ लागला.

आपल्याला गुण आला की तो सगळ्या जगाला यावा, हा त्यांचा स्वभाव. एकदा आमचे दोघांचे सासरे पुण्याहून त्यांच्याकडे राहायला आले होते. सकाळी देवपूजा आटोपून ते बाहेर आले तेव्हा साडूंचं मौन चालू होतं. साडूंनी काही न बोलता त्यांना हात पुढे करायची खूण केली आणि त्यांच्या तळहातावर तीन थेंब सोडले. सासऱ्यांनी भक्तिभावानं डोळे मिटले, ते प्यायले, आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. साडू मौन मोडून किंचाळले. "आंबट आहे हो," सासरे म्हणाले. "पंचामृताला दही जरा ताजं घेत जा." डॉक्टरांना फोन झाला, सासऱ्यांना पाणी पाजलं गेलं, त्यांना काहीएक झालं नाही. हात जिथे फिरवला तिथलं टक्कल मात्र त्या दिवसापासून तजेलदार दिसतं, असा साडूंचा दावा आहे, आणि सासरेही तो फारसा नाकारत नाहीत.

साडूंच्या दोन्ही गालांवर जुने वांग होते. दिल्लीच्या उन्हानं ते गडद झाले होते. ताई एकदा माझ्या बायकोला फोनवर म्हणाल्या, "यांचे वांग काही जात नाहीत बघ." त्यांची मुलगी शेजारी बसली होती. ती दिल्लीतच वाढलेली, मराठी घरापुरतं. तिला वांगी माहीत, वांग माहीत नाहीत. तिनं काळजीनं विचारलं, "मम्मा, बाबांना बैंगन पचत नाही का?" तेव्हापासून त्या घरात त्या डागांना बैंगनच म्हणतात. दर महिन्याला साडू खिडकीपाशी उभे राहून लेकीला विचारतात, "बघ गं, बैंगन कमी झाले?" आणि ती मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणते, "बिल्कुल, बाबा."

आम्ही हसायचो. मी तर मनसोक्त हसायचो. मग एका रविवारी आम्ही दोघं कस्तुरबा गांधी मार्गावर, आपल्या राज्याच्या सदनात, थालीपीठ खायला गेलो. साडूंनी खिडकीजवळचं टेबल नाकारलं, कारण काचेतूनही ऊन कातडीला शोधत येतं. आम्ही पार आतल्या कोपऱ्यात, हात धुवायच्या जागेपाशी बसलो. त्या आठवड्यात त्यांच्या मजल्यावरच्या दोघांना कंपनीनं घरी पाठवलं होतं, दोघंही पन्नाशीपुढचे. मला राहवेना.

"एक बोलू का? राग मानू नका. फ्रेश फेसेस म्हणजे नवी माणसं हो. तुमचा चेहरा उजळून काय होणार आहे?"

साडूंनी थालीपीठावरचं लोणी एका बाजूला सारलं. "मला इंग्रजी येत नाही असं वाटलं की काय तुम्हाला?"

"तसं नाही, पण..."

"वय कमी करणं माझ्या हातात आहे का? नाही. त्या पोरांसारखं पडद्यासमोर उभं राहून फाडफाड बोलणं जमणार आहे? तेही नाही. मग उरलं काय? चेहरा. म्हटलं, निदान तेवढं तरी करून बघू." मग ते म्हणाले, "भीती वाटते हो मला. सकाळी डोळे उघडले की वाटते. ते तीन थेंब लावताना तेवढी वाटत नाही."

मी त्यांना विचारलं, सनस्क्रीन पुन्हा लावायची वेळ झाली का. झाली होती.

इकडे त्यांच्या ऑफिसात वेगळंच घडत होतं. साडूंच्या चेहऱ्यावर खरंच तकाकी आली होती, हे मला मत्सरानं का होईना कबूल करायलाच हवं. तिथल्या पोरीपोरांनी ते हेरलं. आधी एक मुलगी दबकत आली, मग दोन मुलं, मग रांगच लागली. "सर, मेरी स्किन ऑयली है, चलेगा?" "यार, सर से पूछ ले, सर को सब पता है." साडू प्रत्येकाला खिडकीपाशी नेऊन गाल बघत, आधी कानामागे लावून एक दिवस थांबायला सांगत, आणि न थांबणाऱ्याला पुन्हा उभं करत नसत. ऑफिसच्या फ्रिजमध्ये नावं चिकटवलेल्या बाटल्या इतक्या झाल्या की जेवणाचे डबे बाहेर राहायला लागले. ज्या मजल्यावर ते म्हातारे ठरत होते, त्याच मजल्यावर आता त्यांच्या टेबलाभोवती सगळ्यात जास्त गर्दी असायची. साडूंना वाटायला लागलं, आता आपल्याला कोण काढतंय. ताईंनाही तसं वाटायला लागलं, आणि खरं सांगतो, मलाही.

एका शुक्रवारी साहेबानं त्यांना काचेच्या छोट्या खोलीत बोलावलं. तिथे काय झालं ते साडूंनी दुसऱ्या दिवशी आम्हाला नेहमीच्याच आवाजात सांगितलं. साहेबानं समोरचा कागद वाचून दाखवला. कंपनी आपली ऋणी आहे, निर्णय कठीण होता, वगैरे. साडूंनी सही केली. ते उठायला लागले, तर साहेबानं दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सर, एक पर्सनल बात थी. फरवरी में मेरी शादी है. ये पिंपल के दाग जा नहीं रहे. सीधा ट्वेंटी परसेंट ले लूं? जल्दी असर होगा ना?"

मी खुर्चीत पुढे सरकलो. "मग? घे म्हणालात ना?"

"काय बोलता! सोलून निघाला असता पोरगा. दहा म्हटलं. तेही एक दिवसाआड, आणि दाढी केल्या केल्या लावायचं नाही. त्याची कातडी फार नाजूक आहे हो, मी पहिल्या दिवसापासून बघतोय. लग्न तोंडावर आलं की नवीन काही सुरू करू नको, हेही सांगितलं. चांगला अर्धा तास गेला समजावण्यात. ती एचआरची मुलगी बाहेर ताटकळत उभी होती बिचारी. तिला माझं कार्ड जमा करून घ्यायचं होतं."

ताई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून रडल्या. साडू म्हणाले, चहा टाकायला गेली असेल.

फेब्रुवारीत त्या लग्नाचं आमंत्रण आलं आणि साडू जायला निघाले. माझं डोकंच फिरलं. "ज्यानं घरी बसवलं त्याच्याकडे जेवायला जाता? काही वाटतं की नाही?" मी फोनवर चक्क ओरडलो. ते "हं, हं" म्हणाले, त्यांनी सूट इस्त्री करून आणला, आणि गेले. दुसऱ्या दिवशी मी मेट्रो पकडून मुद्दाम त्यांच्याकडे गेलो, उरलेलं भांडायला. साडू बाल्कनीच्या आतल्या बाजूला, सावलीत खुर्ची टाकून बसले होते. समोरच्या रस्त्यावर ऑफिसच्या कॅबा चालल्या होत्या.

"मुलाचा चेहरा छान झालाय हो," मी बसायच्या आतच ते म्हणाले. "एवढे दिवे होते स्टेजवर, पण डाग कुठे दिसेना. दहावरच राहिला होता, मी विचारलं."

"हे बघायला गेला होतात?"

त्यांनी खुर्ची आणखी थोडी सावलीत सरकवली. "ऑफिसातली सगळी पोरं तिथे येणार होती ना," ते म्हणाले. "एरवी कुठे भेटली असती? मला आता गेटमधून आत सोडत नाहीत. पण काल सगळी धावत आली. घोळकाच झाला. नवरा-नवरी राहिली बाजूला. पोरं म्हणाली, सर, रिटायरमेंट के बाद तो आप और यंग लग रहे हो."

भांडायचं होतं ते सगळं मी विसरलो.

साडूंनी माझ्याकडे वळून बघितलं. "रिटायरमेंट म्हणाली पोरं. सगळ्यांना माहीत आहे काय झालं ते, पण एकाच्याही तोंडून दुसरा शब्द आला नाही."

"बरोबरच म्हणाली," मी म्हटलं. "रिटायरच झालात तुम्ही."

"हो ना?" साडू म्हणाले, आणि पुन्हा एकदा हळूच, नीट ऐकू यावं म्हणून चेहरा माझ्याजवळ आणून त्यांनी विचारलं, "हो ना?"