चुलींनी खाल्लेला डोंगर

१९७१च्या मे महिन्यात मी रजेवर पौडला आलो होतो. बाजारपेठेत आमचं किराणा दुकान. गल्ल्यावर बसलो असताना तार आली. रजा रद्द, युनिटमध्ये ताबडतोब हजर व्हा.

"लढाई लागली का?" अब्बांनी विचारलं.

"अजून नाही."

मी, हवालदार इस्माईल मुलाणी, इंजिनिअर फील्ड कंपनीत होतो. रस्ते, पूल, पाण्याची सोय ही आमची कामं. आम्हाला मेघालयच्या सरहद्दीवर धाडलं. पूर्व पाकिस्तानातून माणसं जीव मुठीत धरून येत होती. त्यांची छावणी एका डोंगराच्या उतारावर वसवली होती. पायथ्याला स्थानिकांचं एक लहान गाव, त्याची भातखाचरं आणि एक ओढा.

माझ्या सेक्शनमध्ये नाईक किसन वाळंज होता. तोही आमच्या मुळशी तालुक्यातलाच, मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतला. दोघंच असलो की आम्ही गावाकडचं बोलायचो.

सुरुवातीला त्या गावाने हात आखडता घेतला नाही. मुखिया पांढऱ्या केसांचा, शांत माणूस. त्याने स्वतःचे बांबू झोपड्यांना दिले, भात दिला. पण लोक येतच राहिले. प्रत्येक कुटुंबाची एक चूल, आणि चुलीला रोज लाकूड हवं. सरकार तांदूळ देत होतं, डाळ देत होतं. ते शिजवायचं कशावर, हे कोणी ठरवलंच नव्हतं. बाया सकाळी डोंगरावर जायच्या आणि मोळ्या घेऊन उतरायच्या. आधी वाळकी लाकडं संपली, मग ओली झाडं, मग लोकांनी बुंधे खणायला घेतले.

मी दुकानदाराचा मुलगा. माझं लक्ष आठवडी बाजाराकडे जायचं. छावणीतले लोक रेशनचा थोडा तांदूळ विकून मासळी, भाजी, मीठ घ्यायचे. त्यांचाही नाइलाज होता, नुसता भात किती दिवस खाणार? पण त्यामुळे गावकऱ्यांच्या तांदळाला गिऱ्हाईक उरलं नाही, आणि मीठ, रॉकेल त्यांना परवडेना. रस्त्याच्या कामावर ठेकेदाराने गावच्या मजुरांना काढून निर्वासित घेतले, कारण ते निम्म्या मजुरीवर राबायचे. शहरातून आलेले व्यापारी मात्र गबर झाले.

एके दिवशी मुखिया आमच्या तंबूशी आला. मोडक्या हिंदीत म्हणाला, "साहेब, मी यांना हाकलत नाही. पण माझ्या लोकांनी कुठं जायचं?"

मी त्याला चहा दिला. दुसरं काय देणार होतो?

 त्या संध्याकाळी जेवताना किसन म्हणाला, "इस्माईलभाई, आमाला धरणातून उठवलं, तवा माज्या आज्यानं दुसऱ्या गावच्या हद्दीत खोपटं घातलं. लाकडावरनं त्या गावानं आमाला लई शिव्या दिल्या. त्यांचंबी खरं व्हतं, आमचंबी."

"मग चूक कुणाची?"

"जो उठवतो आन् पुढचं बगत न्हाई, त्याची."

दुसऱ्या दिवशी किसनने मला डोंगरावर नेलं. माती भुसभुशीत झाली होती. वरच्या ओळीतल्या झोपड्यांच्या मागे बोटभर रुंदीची भेग होती. "ही वळ हलवाय पायजे," तो म्हणाला. "आन् चुलीला कोळसा, न्हाईतर रॉकेल."

आम्ही कॅप्टनसाहेबांना भेग दाखवली. त्यांनी लगेच वर कळवलं. वायरलेस सेटवर उत्तर आलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो.

"फ्युएल नॉट ऑथराइज्ड. शिफ्टिंग अंडर कन्सिडरेशन. ओव्हर."

कॅप्टनसाहेबांनी पुन्हा विनंती केली. पुन्हा तेच. छावणीच्या मुलकी अधिकाऱ्याकडे गेलो, तर तो म्हणाला, "लाकूड जंगलात आहे की, हवालदार." मी त्याला खिडकीतून डोंगर दाखवला. त्याने वळून पाहिलंही नाही. आम्ही आपल्या हिमतीवर वरच्या बाजूला पाणी काढून द्यायला चर खणायला घेतले. त्याहून जास्त आमच्या हातात नव्हतं.

जुलैत पाऊस लागून राहिला. एका सकाळी छावणीत रेशनची रांग लागली होती. किसन आमच्या कंपनीचे चार जवान, सॅपर, घेऊन वर चर मोकळे करत होता. मी खाली पंपावर. वरून त्याची हाक आली, "हवालदारसाहेब, भेग फाकतीय. खालच्यांना हलवा."

मी शिट्टी वाजवली, रांग मोडून लोकांना ओढ्यापलीकडे पिटाळलं. किसनने सॅपरना खाली धाडलं आणि स्वतः वरच्या ओळीत शिरला. आजारी, म्हातारी माणसं तिथेच पडून होती. एका म्हातारीला पाठीवर घेऊन तो उतरला, तिला माझ्या हवाली केलं.

"आता पुरे," मी म्हणालो.

"अजून दोगं हायेत."

तो वळला. मग डोंगराचा तो भाग खाली आला. आवाज फार मोठा नव्हता. झोपड्या दिसेनाशा झाल्या, आणि गावची खाचरं चिखलाखाली गेली.

आम्ही फावडी घेऊन धावलो. कोणी न बोलावता मुखिया आणि त्याची माणसं कुदळी घेऊन आली. त्यांची स्वतःची शेतं गाडली गेली होती, तरी ती आमच्यासोबत झोपड्या उपसत राहिली. दुपारी किसन सापडला. त्याने एका माणसाचा दंड धरून ठेवलेला होता. दोघेही गेले होते.

आठवड्याभरात कोळशाचे ट्रक आले. चौकशीत कारण ठरलं, अतिवृष्टी. आमच्याकडच्या ताम्हिणी घाटातला धो धो पाऊस पाहिलेला माणूस मी; झाडी असलेला डोंगर नुसत्या पावसाने असा खाली येत नाही. ते ऐकून मी मेस सोडून बाहेर निघून गेलो.

डिसेंबरात लढाई झाली. त्यानंतर निर्वासित आपल्या मुलखात परतले. बोडका डोंगर आणि चिखलाची खाचरं मुखियाच्या वाट्याला राहिली. त्याला भरपाई मिळाली का, मला कळलं नाही. मी विचारलं तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं.

रजा मिळाल्यावर मी किसनच्या वाडीला गेलो. त्याच्या आईने सगळं ऐकून घेतलं.

"ती मानसं गेली का आपल्या घरला?"

"गेली, मावशी."

"बरं झालं." मग तिने विचारलं, "आन् त्या म्हातारीला कोन हाय का?"

मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

पुढे मी निवृत्त होऊन दुकानात बसलो. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदनाच्या वेळी तालुक्यातल्या शहिदांची नावं वाचतात. किसनचं वाचत नाहीत. तालुक्याच्या कचेरीत जाऊन विचारलं, तर साहेब म्हणाले, "दरडीखाली गेले ना? मग तो अपघात." मी वाद घातला. दर वर्षी घालतो.

नावं वाचून झाली की मी जागेवरून उठतो आणि म्हणतो, "नाईक किसन वाळंज, मुळशी." पहिल्या वर्षी मास्तर मला खाली बसवायला आले होते. आता माझं म्हणून होईपर्यंत ते राष्ट्रगीत सुरू करत नाहीत.