काहूनवाले सर

उत्तर बरोबर आलं म्हणून आमचे काहूनवाले सर कधी खूश झाले नाहीत. चांदूर बाजारकडच्या आमच्या जिल्हा परिषद शाळांचे ते केंद्रप्रमुख. वर्गात शिरले की फळ्यावरचं गणित बघायचे आणि म्हणायचे, "बरोबर हाय. पन काहून?" असं 'का' विचारलं की पोरगं गडबडायचं, आम्ही शिक्षकही गडबडायचो. नुसती घोकंपट्टी दिसली की चिडायचे, "हे तं पोपटबी करते, मॅडम!"

काय काय करायला लावलं या माणसानं! तुरीच्या काड्या तोडून आणा, दहा-दहाच्या जुड्या बांधा. बावीसमधून सात जात नाहीत? मग आधी जुडी सोडा, हातच्याचं नंतर बघू. "अडलं का? जुडी सोड नं पोरी, भेतं काहून?" अमरावतीहून रोज बसनं यायचं आणि वर काड्या वेचायच्या, मी जाम वैतागले होते.

माझं तोंड बंद केलं ते लतीनं. वांगी-मेथीच्या मळ्यातली ही पोर तिसरीत येऊनही वजाबाकी म्हटलं की रडायची. जुडी हातात आली आणि ती बोलायला लागली. सावकाश करायची, पण करायची, आणि वर काहून तेही सांगायची. ते ऐकताना सरांचे डोळे भरून आले होते. खोटं नाही सांगत, मी पाहिलंय. म्हणूनच तर पुढचं इतकं लागलं.

तपासणीचं पथक येणार होतं. घड्याळ लावून तोंडी गणितं, आणि वर्गात हजर असलेलं एकूणएक मूल पास झालं तरच शाळेला शाबासकी. सरांची अकोल्याची बढतीही त्यावरच अडली होती. आदल्या दिवशी ते आले, जुड्या कपाटात टाकायला लावल्या आणि खाली बघत म्हणाले, "लतीले उद्या घरीच राहू द्या."

"काहून, सर?"

"आता काहून-फाहून सोडा, मॅडम."

मी साफ नाही म्हटलं. तर हे स्वतः मळ्यात जाऊन तिच्या आईला सांगून आले, उद्या शाळेला सुटी आहे म्हणून! ज्यांच्या भरवशावर मी शिकवायला शिकले, त्यांनीच असं करावं? दगाच की हा. शाळेला शाबासकी मिळाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी लती दारातच उभी. "मॅडम, काल साऱ्याइची शाळा होती. मले एकटीलेच सुटी काहून?"

लेकराच्या 'काहून'ला उत्तर दिल्याशिवाय पुढं जायचं नाही, हे सरांचंच शिकवणं. मग देऊ देत ना त्यांनाच! मी त्यांना फोन लावला आणि तिच्या हातात दिला. तिनं तेच विचारलं. ते वर्गात तिच्या उत्तरासाठी थांबायचे, तशीच ती फोन कानाला लावून थांबली. मग पलीकडून फोन कट झाला.

सर आता अकोल्याला शिक्षकांची प्रशिक्षणं घेतात. जुड्यांवर फार छान बोलतात म्हणे. मला मात्र लतीचं त्या दिवशीचं बोलणं आठवतं. फोन माझ्या हातात देत ती अगदी समजुतीनं म्हणाली होती, "सरले येत नाई वाटते, मॅडम. जुडी सोडाले सांगा नं त्याईले."